एजिंग करूनही लॉनची कडा पुन्हा पुन्हा बुजते? एजर बदलण्याआधी हे तपासा

एजिंग म्हणजे लॉनची कडा कापून काढणं आणि एजर म्हणजे त्याचं मशीन. या कामातली तक्रार ठरलेली असते. फुटपाथलगतची लॉनची कडा सरळ, नीट कापून दिली आणि पंधरवड्यात तिथे कोणी हातच लावला नव्हता असं दिसायला लागलं. ग्राहक फोटो पाठवतो. टीममधलं कोणीतरी म्हणतं, मशीनमध्ये दम नाही, मोठं घेऊ. मोठं मशीन येतं, कडा चार दिवस जास्त टिकते आणि पुन्हा तोच फोटो येतो.

लॉन मेंटेनन्सच्या कामात या तक्रारीमागे मशीनची ताकद कमी पडली असं क्वचितच निघतं. बहुतेक वेळा एका प्रकारच्या कडेला दुसऱ्याच प्रकारचं हत्यार लावलेलं असतं. कडा का बुजतेय हे जमिनीत बघून ठरवायचं आणि हत्यार त्यावरून निवडायचं. उलट्या क्रमाने गेलात तर शेडमध्ये तीन मशीन जमतात आणि तक्रार तशीच राहते.

स्क्रूड्रायव्हर घेऊन बसा

सगळ्यात वाईट दिसणारा हातभर तुकडा निवडा. गवत जिथे फरशीला भिडतं तिथे जुना स्क्रूड्रायव्हर उभा खुपसत पुढे सरका. तीन-चार सेंटिमीटर सहज आत गेला आणि पोकळ लागलं, तर गवत आणि फरशी यांच्यामधला चर शाबूत आहे. आत गेला पण भुसभुशीत माती लागली, तर चर पडला होता आणि नंतर भरला. मुळांच्या गादीत अडकला, तर तिथे चर कधी पडलाच नव्हता. वरचं गवत तेवढं छाटलं गेलं होतं. ही तिसरी अवस्था सगळ्यात जास्त सापडते.

आता फरशीवर आलेली गवताची एक काडी धरून हळू ओढा. लॉनच्या दिशेने पेरापेराला धरलेली बारीक मुळं सोडत ती उलगडत गेली, तर गवत वरून पळतंय. ओढताना मातीतच तुटली आणि तुटलेला भाग पांढरट, खवले असलेला, पुढे टोकदार निघाला, तर ती काशी, म्हणजे जमिनीखालून पळणारं खोड आहे. गवत खालून येतंय. हरळीला दोन्ही वाटा येतात, म्हणून तिच्या लॉनची कडा सगळ्यात जास्त छळते. झोयसिया आणि किकुयू याच जातकुळीतले. सेंट ऑगस्टीन वरूनच पळतं, केंटकी ब्लूग्रास खालून. टॉल फेस्क्यू मुख्यतः जागच्या जागी झुबक्याने वाढतं. त्याची कडा बुजलेली दिसली तर बऱ्याचदा पाती नुसती बाहेर झुकलेली असतात आणि नायलॉनच्या दोरीने गवत छाटणारा साधा ट्रिमरसुद्धा पुरतो.

या दोन गोष्टी कळल्या की निम्मी निवड झाली. वरून पळणाऱ्या गवताला उभं पातं आणि ठरावीक फेऱ्या लागतात, खोली थोडी कमी असली तरी चालतं. खालून येणाऱ्याला खोली लागते. चर भरत असेल तर पात्यापेक्षा चराचा आकार चुकलाय. आणि चर मुळात नसेल, तर नायलॉनच्या दोरीवर चाललेलं काम पात्यावर न्यायची वेळ झालेली आहे.

ट्रिमर उभा धरून केलेली कडा

नायलॉन दोरीचा ट्रिमर १९७१ साली ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांनी काढला. गाड्या धुणाऱ्या यंत्राचे फिरते ब्रश बघून त्यांना ती कल्पना सुचली. मूळ हेतू होता झाडांच्या बुंध्याशी, जिथे मॉवर पोचत नाही तिथलं गवत काढण्याचा. तोच ट्रिमर उभा धरून कडा करणं ही नंतर पडलेली सवय. सवय सोयीची आहे, कारण ट्रिमर सगळ्यांच्या हातात असतोच.

अडचण अशी की दोरी माती कापत नाही, ओरबाडते. ओलसर मातीत ती सेंटिमीटरभर जाते आणि थांबते. हात थोडा खाली-वर झाला की रेषा नागमोडी होते, ती सरळ करायला पुढच्या वेळी आणखी बोटभर गवत आत घेतलं जातं. वर्षभर असं चाललं की कडेला तळहाताएवढा उघड्या मातीचा पट्टा तयार होतो. पाऊस पडला की ती माती फरशीवर येते, उरलेल्या जागेत तण उगवतं आणि ग्राहकाला वाटतं लॉन मरतंय. असा पट्टा दिसला की ओळखायचं: इथे एजिंग ट्रिमरने होतंय.

ट्रिमर अजिबात चालत नाही असं नाही. पात्याने एकदा नीट चर पाडून ठेवला असेल, तर मधल्या फेऱ्यांना त्या चरावर लोंबणारी पाती ट्रिमरने उडवणं हे चांगलं, जलद काम आहे. दोरी २.४ मिलिमीटरची बहुतेक व्यावसायिक मशीनना चालते, २.७ किंवा जास्त जाडीची घालायची तर मशीनच्या पुस्तिकेत बघून. जाड दोरीने इंजिन दमतं, क्लच तापतो. दोरी सारखी तुटत असेल तर ती वाळलेली असू शकते. नायलॉन पाणी शोषतं. रीळ रात्रभर बादलीत भिजवून ठेवलं की दोरी पुन्हा लवचीक होते. रिळातच वेढे एकमेकांना चिकटत असतील तर ती उष्णता आहे: दोरी फरशीवर घासत चालवली जातेय, किंवा गुंडाळताना वेढे एकमेकांवर चढलेत.

एक ताकीद. दोरी लांब मिळावी म्हणून पुढचं गार्ड काढून टाकायची पद्धत टीममध्ये असेल तर ती आजच बंद करा. गार्डवरची छोटी पट्टी दोरी ठरल्या लांबीला कापते. ती गेली की इंजिनावर जादा भार येतो आणि खडा सरळ नडगीवर किंवा शेजारच्या गाडीच्या काचेवर.

फरशी, कर्ब आणि रस्त्याची कडा: स्टिक एजर

टणक कडेसाठी माझं मत पक्कं आहे. लांब दांड्याचा, उभ्या पात्याचा, चाक असलेला स्टिक एजर घ्यावा. चाक फरशीवर टेकतं, पातं ठरलेल्या खोलीवर राहतं आणि चालवणाऱ्याच्या हाताच्या थरथरीवर रेषा अवलंबून राहत नाही. सरळ दांड्याचा लांब सरळ कडांवर कमी भरकटतो; वाकड्या दांड्याचा वळणांवर सोयीचा, कारण पातं डोळ्यांसमोर राहतं. साइटवर वळणं किती आहेत त्यावरून ठरवा, किमतीवरून नको.

स्टिक एजर घेतल्यावरही कडा बुजते, ही पुढची तक्रार. तिचं कारण बहुतेक वेळा पात्यात असतं. नवीन पातं साधारण वीस सेंटिमीटर लांब असतं, म्हणजे मध्यापासून टोकापर्यंत दहा. दगड-मातीत घासून ते पंधराचं झालं की प्रत्येक बाजूने अडीच सेंटिमीटर गेले. चाक जुन्याच खाचेवर आहे, म्हणून चरही अडीच सेंटिमीटरने उथळ झाला. शिवाय टोकाचा वेग त्याच प्रमाणात उतरला. मशीन तेच, आवाज तोच, चालवणाराही तोच, आणि काशा मात्र पात्याखालून निवांत पलीकडे जातात. नवीन पात्याची लांबी शेडच्या भिंतीवर खडूने आखून ठेवा आणि जुनं पातं अधूनमधून तिथे लावून बघा. पातं झिजत जाईल तसं चाक वर घ्यायचं असतं, ते काम रोजच्या गडबडीत राहून जातं. पाऊण लांबीपर्यंत आलं की मी पातं बदलतो. आणखी वापरण्यात पेट्रोल जास्त जातं आणि काम कमी होतं.

पातं फार भराभर झिजत असेल तर ते काँक्रीटला घासतंय. ठिणग्या दिसल्या की समजा. पातं आणि फरशी यांत अर्ध्या सेंटिमीटरची फट ठेवली तरी कडा स्वच्छच दिसते. चालवणारा फरशीला चिकटून जातो, कारण त्याला वाटतं की फट राहिली तर काम अर्धवट दिसेल. गवत काढल्यावर ती फट म्हणजेच चर, हे एकदा त्याला शेजारी उभं करून दाखवा.

मशीन उड्या मारत असेल तर पहिल्याच फेरीत पूर्ण खोली घेतली जातेय. वर्षानुवर्षं न कापलेली कडा असेल तर आधी दोन-अडीच सेंटिमीटर, मग परत येताना चार-पाच. खालून पळणाऱ्या गवताला चार-पाच हवेतच. माती वाफशावर असताना काम करा. कोरडी टणक माती पातं खाते. चिखलात चराच्या भिंती लिंपल्या जातात आणि गार्डच्या आत चिखलाचा थर बसून पातं अडकायला लागतं.

गार्डमागचा रबरी पडदा फाटला असेल तर बदला. पातं ज्या वेगाने फिरतं त्या वेगाने खडा बाहेर येतो. चष्मा, बूट आणि कानाला संरक्षण हे एजरबरोबर आलंच पाहिजे. आणि पहिली फेरी मारायच्या आधी कडेवरचे सुटे खडे झाडून घेतले तर अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

चाकांवर ढकलायचा मोठा एजर कधी

एका साइटवर सलग, सरळ, टणक कडा काहीशे मीटर असेल तरच. मोजणीचं चाक फिरवून कडा एकदा खरोखर मोजा; अंदाजाने सांगितलेला आकडा नेहमी फुगलेला असतो. अशा ठिकाणी ढकलायचा एजर खोली उत्तम धरतो आणि पाठीला आराम देतो. मात्र लहान बागा, पायऱ्या, अरुंद फाटकं, फुलांच्या वाफ्यांची वळणं यांत तो उचलून नेण्यातच वेळ जातो. घेणार असाल तर कर्बवर चालवताना एक चाक खाली सोडता येतं का, हे बघा. ती सोय नसेल तर मशीन तिरपं होतं आणि चरही तिरपा पडतो. पातं एकाच बाजूला असतं, त्यामुळे चालायची दिशा ठरलेली असते. रहदारीच्या रस्त्याच्या कडेला ही दिशा गाड्यांकडे पाठ करणारी निघाली तर काम कसं करणार, हे घेण्याआधी ठरवा.

वाफ्याची कडा: इथे स्टिक एजर हरतो

फुलझाडांचा वाफा आणि लॉन यांच्यामध्ये फरशी नसते. चाक टेकायला टणक काही नाही, ते मऊ मातीत रुततं आणि खोली सतत बदलते. शिवाय स्टिक एजरचं पातं पाडतं ती अरुंद फट. दोन्हीकडे मातीच असल्यामुळे ती पहिल्या मोठ्या पावसात किंवा जोरदार पाणी दिल्यावर मिटते. स्क्रूड्रायव्हरला भुसभुशीत माती लागली होती, ती हीच.

वाफ्याच्या कडेला रुंद चर लागतो. लॉनच्या बाजूची भिंत उभी, आठ-दहा सेंटिमीटर खोल, आणि वाफ्याच्या बाजूला उतार. उघड्या हवेत आलेली काशी वाळते, आणि वाळली नाही तरी डोळ्यांना दिसते, म्हणजे कापता येते. पहिल्यांदा हा आकार काढायला अर्धचंद्राकृती पात्याचं फावडं पुरतं. खुंट्यांना दोरी ताणा, वळणावर पाण्याची नळी पसरून रेषा ठरवा, मग पायाने पातं उभं दाबत जा. पात्याला कानशीने धार लावून घ्या. बोथट पातं गवताची गादी कापत नाही, नुसती दाबते. काम मोठं असेल तर वाफ्याची कडा काढण्यासाठीच बनवलेली मशीन मिळतात, रुंद पात्यांची, माती वाफ्याकडे फेकणारी. ती विकत घेण्यापेक्षा हंगामात एक-दोन दिवस भाड्याने घेणं मला बरं वाटतं, कारण आकार एकदा निघाला की पुढचे कित्येक महिने लांब दांड्याची एजिंगची कात्री सांभाळून घेते. हाताने ढकलायचा दातेरी चाकाचा एजर छोट्या दुरुस्तीला ठीक. रोजच्या धंद्यात तो शेडमध्येच राहतो.

चर काढून झाल्यावर वाफ्यातलं आच्छादन त्यात ढकललं जातं का, बघा. लाकडाचे तुकडे किंवा पालापाचोळा चराच्या काठापर्यंत भरला की गवताला पूल मिळाला. आच्छादन उताराच्या वरच्या टोकाला थांबवायचं.

वाळूमिश्रित जमिनीत मात्र उभी भिंत टिकतच नाही, तुम्ही कितीही चांगलं हत्यार आणा. तिथे स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी बसवायचा प्रस्ताव ग्राहकाला द्या आणि एजिंगचा विषय मिटवा. पट्टी इतकी खोल जाऊ द्या की मॉवरचं पातं तिला लागणार नाही.

इंजिन की बॅटरी, आणि हाताचं काय

टू-स्ट्रोक मशीनना बहुधा पन्नासास एक मिश्रण लागतं, म्हणजे एका लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर ऑइल, पाच लिटरला १००. एजर रिकामा फिरताना चालतो पण चर घेताना बंद पडतो, ही तक्रार आली की आधी इंधन किती दिवसांचं आहे ते विचारा. महिनाभर कॅनमध्ये पडलेलं मिश्रण ओतून द्या, एअर फिल्टर झाडा, मग कार्ब्युरेटरला हात लावा. गिअर हेडचा, म्हणजे पात्याजवळच्या गिअरच्या डब्याचा, ग्रीसचा स्क्रू सोडून ग्रीस आहे का बघणं हे कामाच्या यादीत हवं. कोरडं हेड आधी तापतं, मग कुरकुरतं, मग जातं.

बॅटरीचा एजर आवाज कमी करतो आणि पहाटे काम करता येतं, पण एजिंग हे बॅटरी खाणारं काम आहे. पातं सतत मातीत असतं. गवत छाटताना मिळणारा वेळ एजिंगला मिळेल असं धरून चालू नका. एकाच बॅटरीवर ब्लोअर, ट्रिमर आणि एजर चालणारी मालिका घेतली तर अदलाबदल सोपी होते.

बदलत्या जोडांचं मशीन, म्हणजे एक इंजिन आणि पुढे ट्रिमर, एजर, छाटणीचा जोड, हे एकट्याने काम करणाऱ्याला चांगलं. टीमला नाही. दोघांना एकाच वेळी इंजिन हवं असतं, आणि रोज काढ-घाल करून सांध्यात खेळ आला की पातं डगमगतं.

कंपनाचा आकडा पुस्तिकेत दिलेला असतो, तो वाचला जात नाही. युरोपात २००२ च्या निर्देशानुसार हातांना पोचणारं कंपन आठ तासांच्या सरासरीने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झालं की मालकाला उपाय करावे लागतात, आणि ५ ही कमाल मर्यादा आहे. हिशेब वर्गाने वाढतो. ज्या मशीनचं कंपन ३.५ आहे त्यावर २.५ ची पातळी साधारण चार तासांत गाठली जाते, ५ असेल तर दोन तासांत, ७ असेल तर जेमतेम एका तासात. कायदा कुठलाही लागू असो, दिवसभर एजिंग करणाऱ्याच्या बोटांना मुंग्या यायच्या थांबवायच्या असतील तर दोन मशीनमधून निवड करताना हा आकडा अश्वशक्तीच्या आधी बघा. जुन्या मशीनचं कंपन अचानक वाढलं असेल तर वाकलेलं पातं किंवा मध्यावर न बसलेलं पातं शोधा.

वायर आणि नळ्या

रोबोट मॉवर असलेल्या बऱ्याच लॉनमध्ये सीमेची वायर कडेजवळून, जमिनीवर किंवा थोड्याच सेंटिमीटर खाली जाते. एजरने ती तुटली की रोबोट जागीच थांबतो आणि फोन तुम्हाला येतो. पहिल्या दिवशी ग्राहकाकडून वायरचा मार्ग विचारून घ्या. स्प्रिंकलरची डोकी आणि बागेतल्या दिव्यांच्या वायरीही कडेलाच असतात. झेंड्या लावल्याशिवाय पातं लावू नका.

फवारून कडा करणं

काही जण एजरऐवजी कडेवर तणनाशक फवारतात. तो आठवडा कडा सरळ दिसते, मग पिवळा पट्टा, मग उघडी माती, मग धूप. वाऱ्याने थेंब आत गेले की पट्ट्याला बोटं फुटतात. गवताची वाढ मंद करणारी द्रव्यं, उदाहरणार्थ ट्रायनेक्सापॅक-इथाइल, ही वेगळी गोष्ट. आधी पात्याने चर पाडून मग लेबलवरच्या मात्रेत कडेला दिली तर दोन फेऱ्यांमधलं अंतर वाढवता येतं. लेबलवर त्या गवताचं नाव नसेल तर वापरू नका.

घेण्याआधी

दुकानदाराकडून मशीन एका दिवसासाठी मागून घ्या आणि सगळ्यात त्रासदायक साइटवर न्या. टाकी पूर्ण भरून उचला, रिकामं मशीन सगळ्यांनाच हलकं वाटतं. वळणावर चालवा, मग चरात पट्टी घालून तीन ठिकाणी खोली मोजा. पातं बदलायला दोन किल्ल्या लागतात की तीन, आणि ते काम ट्रकच्या मागे उभं राहून होतं का, तेही करून बघा. शेवटी दुकानदाराला त्या मॉडेलची दहा पाती आणि एक गार्डचा पडदा लगेच काढून दाखवायला सांगा. मागवून देतो म्हणाला, तर दुसरं मॉडेल बघा.